खाचेखालची स्प्रिंग

बारीक वस्तू हरवली की माणसं झाडू आणायला उठतात. उठायचंच नसतं. जिथे बसलोय तिथेच बसून आधी पदर बघायचा, मग मांडी, मग केस. तिथे नाही मिळाली तर गुडघ्यांवर बसून गाल जमिनीला टेकवायचा आणि जमीन आडवी बघायची, म्हणजे रव्याच्या कणाचीसुद्धा सावली दिसते. हे मी जन्मभर लोकांना सांगत आले आणि लोक माझ्या डोळ्यांदेखत झाडू घ्यायला उठत आले. आता सांगणं सोडलंय.

माझं काम पिस्तुलांचं. हळदीकुंकवाला असं सांगितलं की शेजारची बाई वाण घ्यायची विसरते, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते. ही खेळातली पिस्तुलं. हवेच्या दाबाने छर्रा सुटतो, दहा मीटरवरच्या कागदाला भोक पडतं आणि खेळाडू तोंड वाकडं करतो, एवढाच काय तो रक्तपात. दारूगोळ्याच्या हत्याराला परवाना लागतो, त्याच्या दुरुस्तीलाही लागतो, आणि असल्या भानगडीत पडायची मला हौस नव्हती. एकदा एक गृहस्थ स्टीलच्या डब्यात वर पुऱ्या आणि खाली तसलंच काहीतरी घेऊन आले. "मॅडम, बस आगे का निशान बदलना है, छोटा काम है." मी म्हटलं, "भैया, पुरी इधर रखो, डब्बा लेके जाओ." मेल्याने पुऱ्याही ठेवल्या नाहीत.

मी मूळची घड्याळाच्या कारखान्यातली. तिथे जोडणीच्या खात्यात आम्ही सगळ्या बायकाच होतो. कारखाना बंद पडला, परळची खोली विकली आणि आम्ही भाईंदरला आलो. नवघरच्या जुन्या वस्तीतल्या एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मालकीण हिराबाई, वर आम्ही, आणि चहूबाजूंनी नव्या इमारती उठत होत्या. महानगरपालिका नुकतीच झाली होती. आमचे हे टँकर आला का बघायला खाली जायचे आणि मी खिडकीशी टेबल लावून लोकांची घड्याळं उघडून बसायचे. मग जेसल पार्कात राहणारे एक नेमबाजीचे कोच एक पिस्तूल घेऊन आले. साइट बदलताना त्यांच्याकडून आतला बारीक भाग उडाला होता, सापडत नव्हता. म्हणाले, "घड्याळातलं काही बसेल का?" घड्याळातलं बसलं नाही, पण मी करून दिलं. तिथून हे सुरू झालं.

आता साइट म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभा काळा दात असतो. जुने लोक त्याला माशी म्हणायचे. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक पट्टी असते आणि तिला चौकोनी खाच असते. त्या खाचेत माशी मधोमध दिसली पाहिजे आणि तिच्या दोन्ही अंगांना उजेडाची सारखी चीर दिसली पाहिजे. बघायचं त्या माशीकडे, लक्ष्याकडे नाही. लक्ष्य धूसरच दिसतं. नव्या पोरांना हे पटता पटत नाही.

मागची पट्टी स्क्रूने इकडेतिकडे सरकते. त्या स्क्रूखाली मोहरीहून लहान पोलादी गोटी असते आणि तिच्या मागे एक स्प्रिंग, पापणीच्या केसाएवढ्या तारेची. स्क्रू फिरवला की गोटी एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात जाते आणि कट् असा आवाज येतो. साइट बदलायला म्हणून पट्टी उचलली की ही दोघं बाहेर उडी मारतात. ती नसली तरी पिस्तूल चालतं, पण स्क्रू आपल्या मनाने फिरत राहतो आणि नेम रोज वेगळा लागतो. एका बहाद्दराने गोटीच्या जागी खरीच मोहरी बसवली होती. ती आत चिरडली आणि पिस्तुलाला फोडणीचा वास यायला लागला. असले नमुने पुष्कळ पाहिले, सगळ्यांना भाग करून दिले. "मिळत नाही" हे शब्द माझ्या टेबलावर कुणी ऐकले नव्हते, आणि त्याचा मला चांगला माज होता.

हे काम मी पिशवीत करायचे. चादरी ज्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीतून येतात, तसली मोठी पिशवी. तोंड बंद करायचं, दोन बाजूंना हात जाण्यापुरती भोकं पाडायची आणि मनगटांवर रबर लावायचं. आतली वस्तू कितीही उडाली तरी पिशवीतच राहते. माझ्या पिशवीतून कधी काही गेलं नव्हतं. एकदा सोडून.

दळवी म्हणून एक गृहस्थ भाईंदरच्याच इंद्रलोक वसाहतीतून आले. सज्जन माणूस, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बरोबर त्यांची मुलगी होती, दहावीच्या वयाची. आमचा जिना लाकडी आणि म्हातारा, मांजर चढलं तरी मला वर कळायचं. त्या दिवशी जिन्यावर एकाच माणसाचे पाय वाजले आणि दारात दोघं उभी राहिली. मी आपलं मनात म्हटलं, नेमबाज मुली अलगद पाय टाकत असतील.

पिस्तूल मोठ्या मुलीचं होतं, केतकीचं. केतकी राज्य पातळीवर खेळायची. कावीळ झाली आणि बघता बघता गेली. वर्ष झालं होतं. आता धाकटी तेच पिस्तूल चालवत होती. मागची खाच घासून गोल झाली होती, ती साइट बदलायची होती. दळवींनी नवी आणली होती.

"नाव काय गं तुझं?" मी मुलीला विचारलं.

ती वडिलांकडे बघत राहिली. शेवटी तेच म्हणाले, "मनाली."

मी पिशवीत हात घातले, पट्टी उचलली. प्लास्टिकवर टिक् असा आवाज झाला, नेहमीसारखा. मी आत बघितलं तर गोटी नाही आणि स्प्रिंगही नाही. मनगटांवरची रबरं जागच्या जागी होती. मी पिशवी उजेडात धरली, उलटी केली, लोहचुंबक फिरवला, पिस्तुलाच्या फटीतून भिंगाने बघितलं. पदर, मांडी, केस, जमीन सगळं झालं. पिशवीत वस्तू उडाल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता.

"ती नाही मिळायची," मनाली शांतपणे म्हणाली.

"का गं बाई?"

"तिची होती ना."

दळवी खिडकीबाहेर बघत होते. मी नवी स्प्रिंग वळायला घेतली. शिवणाच्या सुईवर तार गुंडाळायची, तोडायची, टोक घासायचं. गोटी माझ्याकडच्या डबीतून दिली. नवी साइट बसवली आणि मुलीला उभं केलं. हे शेवटचं काम खेळाडूशिवाय होत नाही, कारण दोन चिरांमधला उजेड प्रत्येक डोळ्याला वेगळा दिसतो. माझ्या डोळ्याने लावलेली साइट तिच्या उपयोगाची नाही.

"उजेड कुठल्या बाजूला जास्त आहे?"

"डावीकडे. थोडासाच."

मी स्क्रू फिरवला, कट्. "आता?"

"आता बरोबर." आणि ती हसली. त्या वेळी ती अगदी साधी, शाळेतली मुलगी दिसली. मी स्क्रूचं डोकं आणि शेजारचा धातू दोन्हींवर मिळून नखपॉलिशचा एक ठिपका दिला. स्क्रू कुणी हलवला की ठिपका तुटतो आणि आपल्याला कळतं. पॉलिश माझी जुनी, विटकरी रंगाची. ती दोघं गेल्यावर हिराबाई वर आल्या. त्या इथल्याच, कुणाची भीड ठेवायच्या नाहीत.

"बाय, कोन व्हती ती पोर? मी दारातच बसलेली. तिच्या पायांचा आवाज येत न्हाय."

"नेमबाज आहे हो ती," मी म्हटलं.

"असंल," हिराबाई म्हणाल्या आणि उंबऱ्याबाहेर मीठ टाकून गेल्या.

थोड्याच दिवसांत दळवी परत. साइट लटलट हलत होती. मी उघडून बघितलं तर स्प्रिंग नाही, गोटी नाही. गंमत म्हणजे नखपॉलिशचा ठिपका शाबूत होता. पट्टी न उचलता स्प्रिंग जाणार कशी? मी तोच ठिपका भिंगाखाली नीट बघितला. रंग विटकरी नव्हता, गुलाबीकडे झुकत होता.

"घरी कुणी उघडलं होतं का?"

"नाही हो ताई. कोण उघडणार? आमची मंडळी म्हणतेय, केतकीच नेतेय. तिचं पिस्तूल दुसऱ्याने वापरलेलं तिला आवडत नसणार." हे सांगताना ते हसायला गेले, पण जमलं नाही. मग त्यांनी खिशातून दोन लक्ष्याचे कागद काढले. एक केतकीचा जुना, एक मनालीचा परवाचा. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. केतकीला एक खोड होती, छर्रा सोडताना मनगट किंचित वळायचं आणि भोकं मधोमध न पडता वर डाव्या अंगाला गोळा व्हायची. मनालीला ही खोड नव्हती. आता दोन्ही कागदांतून उजेड एकाच जागेतून येत होता, जणू एकच कागद आहे. साइट मी मनालीच्या डोळ्याला लावली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. दळवींनी कागद घाईघाईने घडी करून ठेवले.

मी स्प्रिंग पुन्हा करून दिली. पुन्हा तेच झालं. तेव्हा मी म्हटलं, आता पिस्तूल इकडे आणू नका, मीच घरी येते. खरं सांगायचं तर मला ते घर बघायचं होतं. चोर घरातलाच आहे हे मला रंगावरून कळलं होतं, पण कळूनही मन शांत होत नव्हतं.

भर दुपारी गेले. खाली पोरं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, त्यामुळे मला जरा धीर होता. सौ. दळवींनी दार उघडलं. मी मनात कोणीतरी वेडीविद्री, केस पिंजारलेली बाई धरून गेले होते. ही तर नीटनेटकी, हसतमुख, कपाळाला कुंकू, "या ना ताई, उन्हाचं आलात" म्हणणारी. बाहेरच्या खोलीत एक भिंत पूर्ण रिकामी होती, कॅलेंडरसुद्धा नाही. त्या भिंतीसमोर मनाली पाठमोरी उभी होती, हात सरळ, हातात पिस्तूल. हा सराव सगळेच नेमबाज करतात. छर्रा न भरता पांढऱ्या भिंतीकडे धरून नुसती माशी आणि खाच बघत राहायचं. मी असला सराव शंभरदा पाहिलाय. पण तिच्या अंगात केतकीचं जॅकेट होतं, पाठीवर केतकीचं नाव होतं, आणि आम्ही आत येऊन बसलो तरी ती वळली नाही.

"केतू, मनगट सोड थोडं. हां. तसंच," आई म्हणाली.

मी आजूबाजूला बघितलं. गेलेल्या मुलीचा फोटो कुठेच नव्हता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "केतकीचा फोटो नाही लावला?"

"तिचा फोटो कशाला?" बाई अगदी गोड हसल्या. "ही काय उभी आहे."

पांढऱ्या भिंतीसमोर कट् असा आवाज झाला. हात खाली आला, पुन्हा वर गेला. दळवी पाण्याचा ग्लास घेऊन आले, माझ्याकडे न बघता तो ठेवून गेले. मी मुद्दाम मोठ्याने हाक मारली, "मनाली, इकडे ये बाळा, साइट बघू." ती हलली नाही. आई म्हणाली, "केतू, ताई बोलावतायत." तशी ती लगेच आली.

आई चहा टाकायला आत गेली. मी साइट उघडली. स्प्रिंग नाही, गोटी नाही. शोकेसमध्ये गुलाबी नखपॉलिशची बाटली ठेवलेली होती, केतकीच्या इतर वस्तूंबरोबर. मेडल, कंगवा, चष्मा.

"तू काढतेस ना स्प्रिंग?" मी हळूच विचारलं.

तिने मान हलवली, हो. "तुम्ही उघडताना बघितलं होतं. स्प्रिंग गॅलरीतून टाकते. मग तिची पॉलिश लावते."

"खेळायचं नाहीये का तुला?"

"तसं नाही मावशी. खेळायला आवडतं." ती स्वयंपाकघराकडे बघत होती. "पिस्तूल तुमच्याकडे दुरुस्तीला आलं ना, की आई मला मनाली म्हणते."

मांडीवर पिस्तूल उघडं पडलं होतं.

"घरात असलं की मी केतकी. माझं ड्रॉइंगचं सामान माळ्यावर ठेवलंय. माझा वाढदिवस झाला तेव्हा आई म्हणाली, केतूचा तर पावसाळ्यात असतो." हे सगळं ती रडून नाही, शाळेत उत्तर द्यावं तसं सांगत होती. "कधीकधी मलाही कळत नाही. कोच हाक मारतात मनाली, आणि मी कोण म्हणून मागे वळून बघते."

"आणि गोटी? तीही गॅलरीतून?"

"नाही. गोटी मी कधीच नाही काढली. मी उघडते तेव्हा ती नसतेच."

"असं कसं होईल? पुढे गोटी असते आणि मागून स्प्रिंग तिला दाबून धरते. स्प्रिंग आत असताना गोटी जाईल कशी?"

"ते मला नाही माहीत," मनाली म्हणाली. तेवढ्यात चहा आला.

मी या गोटीवर नंतर पुष्कळ डोकं चालवलं. मुलीने घाईत पट्टी उचलली असेल, गोटी आधीच घरंगळली असेल, तिला दिसली नसेल. असंच झालं असणार. पण मुलगी खोटं बोलत नव्हती, आणि खोटं बोलायचं तर स्प्रिंगबद्दलच नसती का बोलली? आजही मला याचं उत्तर नाही, आणि पहिल्या दिवशी बंद पिशवीतून दोन्ही कशी गेली त्याचंही नाही. त्या दिवशी मी एवढंच केलं की पिस्तूल पिशवीत घातलं आणि म्हटलं, "हे मला घरी नेऊनच बघावं लागेल. मोठं काम निघालंय."

बाईंचा चेहरा एकदम पडला. मनालीने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी जिना उतरेपर्यंत मागे बघितलं नाही.

पिस्तूल मी कपाटात ठेवलं. दळवींचा मिस्ड कॉल यायचा, मी उलटा फोन करायचे आणि सांगायचे, तार मिळत नाही. पुढच्या वेळी सांगायचे, गोटीचं माप बसत नाही. मी असलं काही जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आमचे हे म्हणाले, "अगं, डबीभर गोट्या आहेत तुझ्याकडे." मी म्हटलं, "तुम्ही टँकरचं बघा."

शेवटी दळवी स्वतः आले. मी त्यांना बसवलं आणि मुलीने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. वाटलं, माणूस हादरेल.

"मला माहीत आहे ताई," ते म्हणाले. "पॉलिशची बाटली मीच तिच्या हातात बघितली होती."

"मग गप्प कसे बसता तुम्ही?" माझा आवाज चढला. "मुलगी संपत चाललीये तुमची. एक गेली, दुसरी तुमच्यासमोर पुसली जातेय, आणि तुम्ही माझ्याकडे स्प्रिंगा मागताय?"

"पिस्तूल घरात नसलं ना, की ती उठत नाही. जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. पिस्तूल परत आलं की वेणीफणी करते, स्वयंपाक करते, हसते. मी काय करू, ताई? मनाली अजून सहन करतेय. ही नाही करू शकत." त्यांनी हात जोडले. "स्प्रिंग बसवून द्या."

माझा राग तिथल्या तिथे विझला. एवढ्या भल्या माणसाने आपल्या दोन माणसांतलं कुणाला आधी बुडू द्यायचं ते ठरवलं होतं, आणि ते मला सांगायला तो जिना चढून आला होता. पिस्तूल मात्र मी कपाटातच राहू दिलं.

दोनेक दिवसांनी सौ. दळवीच आल्या, मनालीला घेऊन. मी ओळखलंच नाही. कपाळ मोकळं, साडी कशीतरी गुंडाळलेली, ओठ सुकलेले. ही ती चहा देणारी बाई नव्हेच. त्या टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, माझ्यासमोर बसवा. आत्ता. मी घेऊनच जाणार आहे."

त्या चेहऱ्याला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी पिस्तूल काढलं. नवी स्प्रिंग डबीत होतीच, ती बशीत ठेवली. मनाली दाराशी उभी होती. तिने बशीतली स्प्रिंग बघितली आणि अंगातल्या केतकीच्या जॅकेटची चेन वर गळ्यापर्यंत ओढली. मी पिशवी ओढली तर बाई म्हणाल्या, "पिशवी नको. मला दिसत नाही."

म्हणून पिशवीशिवाय बसले. गोटी खळग्यात बसली. स्प्रिंग चिमट्यात धरली, दाबली, पट्टी वरून आणली. आणि स्प्रिंग उडाली. माझा हात सुटला असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. मला स्वतःलाही सांगता येणार नाही. टिक् एवढाच आवाज झाला.

"दुसरी नाही?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हीच मिळायला पाहिजे. उठू नका. आधी पदर बघा."

त्यांनी पदर झटकला नाही, अगदी मी सांगितलं तसा हळूहळू उलगडून बघितला. मग मांडी, मग केस. मग त्या गुडघ्यांवर बसल्या, गाल जमिनीला टेकवला. मी दुसऱ्या बाजूने बसले. "मनाली, तू दाराकडून बघ," बाई म्हणाल्या. "मनाली, पाय उचलू नकोस, आहेस तिथूनच वाक." मनाली खाली बसली. टेबलाच्या पायांमधून मला तिचा हात दिसत होता. तो जमिनीवरून सावकाश फिरत आला, एका फरशीच्या सांध्याशी थांबला, चिमूट झाली, आणि मूठ मिटली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि खाली वाकून शोधायला लागले.

"मनाली, तिकडे नाही का? मनाली, चटईखाली बघ गं," आई म्हणत होती. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी उठलेल्या माणसाचा होता, पण त्यात जीव होता. आम्ही तिघी बराच वेळ शोधत राहिलो. खालून हिराबाईंनी विचारलं, "बाय, काय हरवलं?" सौ. दळवी सरकत सरकत कपाटापाशी पोचल्या, त्याच्याखाली हात घालायला गेल्या, तो अडकला.

"मनाली, तू घाल इथे हात," त्या म्हणाल्या. "तुझा बारीक आहे. केतकीचा नसता गेला."

म्हणून झाल्यावर त्या तशाच थांबल्या, गाल जमिनीला टेकलेला. मनाली त्यांच्याजवळ जाऊन आडवी झाली आणि मिटलेली मूठ छातीशी धरून तिने दुसरा हात कपाटाखाली घातला.